आतल्या आवाजाची किंमत

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की एक शब्दप्रयोग गणपतीच्या मखरासारखा माळ्यावरून खाली येतो: ‘आतल्या आवाजाला स्मरून मत द्या.’ हाक देणारा बहुधा हरणाऱ्या बाजूचा असतो. निवडणूक संपली की आवाज पुन्हा माळ्यावर.

आपल्या राजकारणात या आवाजाला वजन आले ते पुण्यात. ८ मे १९३३ रोजी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २१ दिवसांचे उपोषण सुरू केले आणि ही आतल्या आवाजाची आज्ञा आहे, असे सांगितले. सरकारने त्यांना त्याच दिवशी सोडले, उरलेले दिवस ‘पर्णकुटी’ बंगल्यात गेले. आवाज ज्याने ऐकला, उपाशी तोच राहिला. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. त्यांनीही किंमत स्वतःच मोजली.

काँग्रेसमध्ये राष्ट्रपती कोण, यावरची ओढाताण तशी जुनीच. १९५० साली नेहरूंना राजाजी हवे होते, पक्षाने राजेंद्रप्रसादांना पसंती दिली. नेहरूंनी ते मान्य केले आणि घरातले भांडण घरातच मिटले.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि हे भांडण चव्हाट्यावर आले. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे लोकसभेतले बहुमत घटले होते. उद्या ते गेलेच, तर सरकार बनवायला कोणाला बोलवायचे हे राष्ट्रपती ठरवणार. म्हणून कामराज, निजलिंगप्पा, स. का. पाटील यांच्या ‘सिंडिकेट’ला तिथे आपला माणूस हवा होता आणि इंदिरा गांधींना नेमके तेच नको होते. जुलैमध्ये बंगळूरच्या बैठकीत इंदिराजींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले, पण संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डींना निवडले. यशवंतराव चव्हाणांनीही मत रेड्डींनाच दिले.

इंदिराजींनी रेड्डींच्या अर्जावर सही केली. पण त्याच दिवसांत मोरारजी देसाईंचे अर्थखाते गेले, १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि हंगामी राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांकडे रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मागितली. इंदिरा गटाला हवे ते निमित्त मिळाले. जगजीवनराम आणि फख्रुद्दीन अली अहमद यांनी पत्र लिहून मुक्त मतदानाची मुभा मागितली. इंदिराजींनी व्हिप काढायचे नाकारले आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करा, असे सांगितले. आवाज आतला, सांगावा मात्र पंतप्रधानांचा!

जनसंघ-स्वतंत्र पक्षाचे उमेदवार होते तेच चिंतामणराव देशमुख. पद सोडून किंमत मोजलेला माणूस या लढतीत तिसरा राहिला.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० तारखेला मोजणी. विजयासाठी ४,१८,१६९ मतमूल्य हवे होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाले. मागचे उमेदवार बाद करत दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. त्यातून रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना अवघी १८,५६२. निजलिंगप्पांची मागणी फळाला आली होती, पण पुरी पडली नाही. गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर अडले. नोव्हेंबरात पक्षाने इंदिराजींना काढले आणि काँग्रेस फुटली. बंगळूरला रेड्डींना मत देणारे यशवंतराव इंदिराजींसोबत राहिले. पुढे पत्र लिहिणारे फख्रुद्दीन १९७४ साली राष्ट्रपती झाले आणि १९७७ साली रेड्डी बिनविरोध निवडून आले.

राज्यघटनेनुसार हे मतदान गुप्त असते. कोणी कोणाला मत दिले हे उघड होत नाही, त्यामुळे आवाज ऐकणाऱ्याला काही गमवावे लागत नाही. १९६९ नंतर ही हाक स्वस्त झाली ती इथेच.

२०१७ साली ही हाक विरोधी उमेदवार मीरा कुमार यांनी दिली. त्यांना ३,६७,३१४ मतमूल्य मिळाले, रामनाथ कोविंद यांना ७,०२,०४४. मीरा कुमार या जगजीवनराम यांच्या कन्या. वडिलांनी पत्रातून मागितलेलीच मुभा मुलगी मागत होती. फक्त १९६९ साली त्या मागणीच्या पाठीशी खुद्द पंतप्रधान उभ्या होत्या.