शाळकरी मुलांचा चष्मा : तपासणीपासून वापरापर्यंत

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात काय किंवा वसई तालुक्यातील अन्य कोणत्याही वस्तीत काय, चष्मा लावण्यास नकार देणारे मूल हट्टी ठरवले जाते. परंतु या वस्तूचा आपल्याकडील इतिहास पाहिल्यास ती मुलांपर्यंत फार उशिरा पोहोचली आणि पोहोचली तीही त्यांच्या पसंतीने नव्हे, तर तपासणीच्या वाटेने, असे दिसते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील चष्म्याच्या इतिहासाची साधने जमवली. व्यासतीर्थ या माध्व आचार्यांनी विजयनगरच्या दरबारात १५२०च्या सुमारास चष्मा लावून ग्रंथ वाचल्याचा उल्लेख त्यांत महत्त्वाचा असून, ही वस्तू पोर्तुगिजांकडून आली असावी, असे गोडे यांचे अनुमान आहे. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांकडे होती, तरी चष्मा दीर्घकाळ वाचत्या प्रौढांचाच राहिला. उतारवयात जवळचे वाचण्यासाठी लागणारे बहिर्गोल भिंग अंदाजाने निवडता येते. मुलांमधील मायोपिया, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याचा दोष, नेमका मोजायला मात्र प्रमाणित साधन लागते, आणि उट्रेक्टच्या हर्मन स्नेलेन यांचा अक्षरतक्ता १८६२ मध्ये आला.

शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीची भारतातील सुरुवात १९०९ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात झाली, परंतु देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीला देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्याचेच आढळले. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व पुढे त्यातून गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे मिळू लागले. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तर तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्येच झाला. त्याची फिरती पथके शासकीय व अनुदानित शाळांत जातात. विनाअनुदानित खासगी शाळांतील मुलांची तपासणी पालकांवरच राहते.

चष्मा हाती आल्यावर पुढे काय होते, हे पुणे जिल्ह्यातील ग्रामीण माध्यमिक शाळांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवले. चष्मे दिलेल्यांपैकी १०१८ विद्यार्थी पुन्हा तपासले असता केवळ ३०० जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता. न वापरणाऱ्यांच्या कारणांत चिडवले जाणे हे ठळक होते, आणि ‘ढापण्या’, ‘बॅटरी’ या हाका ज्याने वर्गात ऐकल्या आहेत त्याला याचे नवल वाटणार नाही. मुली मुलांपेक्षा अधिक नियमित निघाल्या. लग्नाच्या चिंतेने मुलीचा चष्मा लपवणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. नंबर जितका मोठा, तितका वापर अधिक, हेही स्वाभाविकच, कारण ज्याला फळा बऱ्यापैकी दिसतो त्याला चष्म्याचा लाभ जाणवत नाही.

म्हणून चष्मा टाळणाऱ्या मुलावर रागावण्यापेक्षा त्यालाच शेवटच्या बाकावरून फळा चष्म्यासह व चष्म्याविना वाचायला लावणे, फ्रेम त्यालाच निवडू देणे आणि ती नाकावरून घसरत किंवा कानामागे रुतत असल्यास दुकानातून नीट करून आणणे अधिक उपयोगी पडते. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूत निराधार आहे. वाढत्या वयात नेत्रगोल लांबत गेल्याने तो वाढतो. शाळांनीही चष्मेवाटपाच्या नोंदीवर न थांबता, सहा महिन्यांनी तो किती मुले वापरतात याची नोंद ठेवावी.