दारापर्यंत न आलेले

इस्पितळाच्या तातडीच्या विभागातील नोंदवही हे हवामानाच्या इतिहासाचेही एक साधन आहे. मात्र कोणत्याही साधनाविषयी आपण वर्गात जे सांगतो तेच हिच्याही बाबतीत विचारायला हवे: हिच्यात कोणाची नोंद होऊच शकत नाही?

जुलै १९९५ मधील शिकागोचे उदाहरण आम्हांला या संदर्भात महत्त्वाचे वाटते. १३ जुलैला तेथील मिडवे विमानतळावर १०६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. (चंद्रपूरच्या वाचकाला यात विशेष ते काय, असे वाटेल!) पण हवा कमालीची दमट होती, रात्रीही उकाडा ओसरत नव्हता आणि विटांच्या जुन्या इमारती भट्टीसारख्या तापल्या होत्या. तातडीचे विभाग इतके भरले की तेवीस इस्पितळांनी नव्या रुग्णवाहिका घेणे काही काळ थांबवले. पुढे झालेल्या अभ्यासानुसार त्या आठवड्यात इस्पितळांत नेहमीपेक्षा १,०७२ रुग्ण अधिक दाखल झाले. ही वाढ ११ टक्के होती. पासष्टीपुढील रुग्णांत मात्र ३५ टक्के.

आणि अतिरिक्त मृत्यू? ७३९. त्यांतील अनेकजण इस्पितळापर्यंत पोहोचलेच नव्हते. चोरीच्या भयाने खिडक्या बंद ठेवून एकटे राहणारे वृद्ध खोलीतच गेले. शवागारापाशी शीतवाहने उभी करावी लागली. महापौर रिचर्ड डेली यांनी वैद्यकीय परीक्षक एडमंड डोनह्यू यांच्या आकड्यांवर शंका घेतली. हा वाद मुळात शब्दार्थाचा होता: हृदयविकार असलेला म्हातारा त्या उकाड्यात गेला, तर तो कशाने गेला म्हणायचे? पुढील अभ्यासांनी डोनह्यूंचीच बाजू उचलून धरली.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी 'हीट वेव्ह' (२००२) या ग्रंथात दोन शेजारी वस्त्यांची तुलना केली आहे. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल, दोन्हीकडे गरिबी होती, एकटे राहणारे वृद्धही होते. तरीही पहिलीत लोकसंख्येच्या प्रमाणात मृत्यू सुमारे दहापट झाले. दुसरीचे रस्ते दुकानांनी गजबजलेले होते आणि वृद्ध त्यांवर वावरत असत. पहिलीत ओसाड भूखंड आणि मिटलेली दारे. रुग्णवाहिका बोलावण्यासाठी आधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. नोंदवहीतील गर्दी ही, आमच्या मते, असे कोणीतरी असलेल्यांची गर्दी होती.

ज्यांच्यासाठी कोणीच आले नाही अशांचे मृतदेह ऑगस्टअखेरीस शहराबाहेर होमवुड येथे एका लांब चरात एकत्र पुरले गेले.