कीर्द, खतावणी आणि अण्णांची डिस्क

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण आळस, दुसरं काही नाही. पण या वेळी लिहिणं भाग आहे. पुण्याची आत्या आणि बोरिवलीचे काका, दोघांनीही फोनवर एकच प्रश्न विचारला, "दादाचं लिखाण मिळालं का रे?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकतो. नेहमीच्या वाचकांनी माझं संगणकपुराण सवयीने सहन करावं. ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांनी सरळ शेवटच्या परिच्छेदांवर उडी मारावी, मी रागावणार नाही.

तर झालं असं, की दिवाळीच्या आधी डोंबिवलीच्या घराचा माळा आवरत होतो. पितळी समया, फुटका पाट, माझी शाळेची दप्तरं... आणि त्यामागे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क. वर चिकटपट्टी, आणि त्यावर अण्णांच्या वळणदार अक्षरात, "लिखाण. टाकू नये."

अण्णा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. निवृत्त झाल्यावर ते आठवणी लिहायला बसले. डोंबिवलीत आलो तेव्हाची विहीर, भाताची खाचरं, गाडीच्या डब्यातली भजनं, आजोबांचं कर्ज, सगळं. २००४ ते २००८ अशी चार वर्षं ते रोज सकाळी तासभर टाइप करत. २००९ मध्ये ते गेले. पंचवीसेक पानांचा प्रिंट तेवढा आमच्याकडे होता. बाकीचं "डिस्कवर आहे" असं आम्ही सगळे इतकी वर्षं एकमेकांना सांगत आलो. डिस्कवर आहे म्हणजे आहेच, असं धरून चाललो होतो.

ही डिस्क मी आणि अण्णांनी लॅमिंग्टन रोडवरून आणली होती. ४० जीबी, आयडीई. तरुण वाचकांसाठी सांगतो, मागे चाळीस टाचण्यांचा कनेक्टर, रुंद चपटी केबल, आणि 'मास्टर' की 'स्लेव्ह' ते ठरवणारा एक चिमुकला जंपर. दादरला गाडी बदलताना अण्णांनी ती पिशवी छातीशी धरली होती, आत अंडी असल्यासारखी.

डिस्क ही वस्तू आपल्या मुंबईला तशी परकी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये ज्या फ्लॉपी ड्राइव्ह होत्या, त्या जुगी टंडन यांच्या कंपनीच्या. कंपनी अमेरिकेतली, पण तिचं काम अंधेरीच्या सीप्झमध्येही चाले. पुढे १९८८ मध्ये टंडनचा हार्ड डिस्कचा धंदा वेस्टर्न डिजिटलने घेतला. म्हणजे आपल्या लोकलने कामाला जाणारी माणसं एके काळी जगासाठी ड्राइव्हचं काम करत होती, आणि आम्ही बापलेक मात्र डिस्क म्हणजे परग्रहावरून आल्यासारखी सांभाळत होतो.

त्या डिस्कवर मी लिनक्स टाकलं, सूसे ९.१. तेव्हा नवं होतं आणि मला फार मिरवायचं होतं. आता थोडं मागे जायला हवं.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, असं जाहीर केलं. (याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकचा परम ८००० तयार झाला.) त्या निवेदनात त्याने प्रांजळपणे सांगून टाकलं होतं की एटी पद्धतीच्या हार्ड डिस्कपलीकडे ही कशाला आधार देईल असं वाटत नाही, कारण त्याच्याकडे तेवढीच होती. पहिल्या ०.०१ आवृत्तीत तर डिस्कची माहिती थेट कोडमध्ये लिहिलेली होती. हेड किती, सिलिंडर किती, सगळं. आणि नोंदी दोनच, एक त्याच्या स्वतःच्या डिस्कची, दुसरी मित्राच्या. तिसऱ्या कोणाला चालवायची असेल तर त्याने फाइल उघडून आपली डिस्क हाताने लिहायची आणि कर्नल पुन्हा कंपाइल करायचं.

दोन मित्रांच्या डिस्कपासून सुरू झालेली ही यादी पुढे इतकी लांबली की ती निवडायला स्वतंत्र मेन्यू करावा लागला. 'मेक मेन्यूकॉन्फिग' म्हटलं की निळा पडदा येतो आणि तो विचारत सुटतो. हा चिपसेट हवा? ही स्कझी हवी? ही फाइल सिस्टिम हवी? उत्तरं साधारण तीन, वाय म्हणजे कर्नलच्या पोटातच घाल, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल करून डिस्कवर ठेव, लागेल तेव्हा घेऊ, आणि एन म्हणजे नको.

२००६ मध्ये मी पहिल्यांदा या मेन्यूत शिरलो. शहाणपणा असा की कर्नल हलकं करायचं, म्हणून दिसेल तिथे एम. मशीन पुन्हा चालू केलं तर काळ्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक', रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही. झालं होतं एवढंच, की डिस्क वाचायचं मॉड्यूल त्याच डिस्कवर होतं! कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं. यावर उपाय असतो तो 'इनिट्रडी'चा. सुरुवातीलाच मेमरीत उतरणारं एक छोटं गाठोडं, त्यात लागणारी मॉड्यूल बांधलेली असतात. शेजारच्या काकूंकडे ठेवलेली दुसरी किल्लीच म्हणा ना. मी ती ठेवलीच नव्हती. जुनं कर्नल निवडून मशीन परत सुरू झालं, पण त्या दहा मिनिटांत अण्णा मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "माझं आहे ना त्यात?"

आता फाइल सिस्टिमचं. मुंबईतल्या मित्रांना हे कळणार नाही, पण मुलुंडपासून पुढे आम्ही एमएसईबीची लेकरं. जून २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण भारनियमन काही थांबलं नाही, उलट पुढची दोन-तीन वर्षं ते वाढलंच. शहरात बेस्ट, टाटा, रिलायन्सवाल्यांचे दिवे चालू आणि इकडे डोंबिवलीत मेणबत्त्या. कधी तीन तास, कधी त्याहून जास्त. इन्व्हर्टर आमच्याकडे फार उशिरा आला. वीज गेली की लिहिता लिहिता संगणक धाडकन बंद. जुन्या एक्स्ट-२ फाइल सिस्टिमवर असं झालं की पुढच्या वेळी अख्खी डिस्क तपासली जाई, आणि कधी कधी फायली हरवत.

म्हणून जर्नल ठेवणारी फाइल सिस्टिम हवी होती. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये अशी पहिली आली ती रायझरएफएस, जानेवारी २००१ मध्ये, आवृत्ती २.४.१. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक्स्ट-३ आली. सूसे रायझरएफएसच देत असे, मीही तीच घेतली. जर्नल म्हणजे काय ते मी अण्णांना समजावायला लागलो. काय बदल करणार ते आधी एका जागी टिपायचं, मग खरी नोंद करायची, मध्येच वीज गेली तर टिपण पाहून काम पुरं करायचं. अण्णांनी मला मध्येच थांबवलं. "अरे, म्हणजे कीर्द आणि खतावणी. आधी रोजकीर्दीत, मग खतावणीत. यात नवीन काय?" मी गप्प. चाळीस वर्षं हेच केलेल्या माणसाला मी शिकवायला निघालो होतो. एक कमतरता मात्र त्यांना सांगितली. ही कीर्द मुख्यतः फायलींच्या हिशेबाची असते, आतल्या मजकुराची नाही, म्हणून सेव्ह करत राहा. पुढे ते प्रत्येक परिच्छेदानंतर सेव्ह करत. शेवटपर्यंत.

मधल्या काळात लिनक्समध्ये डिस्कची नावंही बदलली. आयडीई डिस्क म्हणजे 'एचडीए', पहिल्या केबलवरची मास्टर. चाळीतल्या खोली नंबरासारखं, जागा ठरलेली. मग सॅटा डिस्क आल्या आणि त्यांच्यासाठी जेफ गार्झिक यांनी लिबाटा लिहिलं. २००६ अखेरच्या २.६.१९ मध्ये जुन्या आयडीईसाठीही त्याचे ड्रायव्हर आले, आणि हळूहळू सगळ्याच डिस्क 'एसडीए', 'एसडीबी' झाल्या. रेशनच्या रांगेतल्या टोकनासारखं, जो आधी दिसला त्याचा नंबर पहिला. ज्यांच्या फायलींत एचडीए लिहिलेलं होतं त्यांची मशीन अपग्रेडनंतर अडली. म्हणून मग यूयूआयडी हा लांबलचक क्रमांक वापरायची पद्धत रुळली. जागा बदलली तरी ओळख तीच. जुनी आयडीई शाखा शेवटी २०२१ मध्ये, ५.१४ या आवृत्तीत काढून टाकली.

आणि रायझरएफएस? ती लिहिणारा हान्स रायझर पत्नीच्या खुनाबद्दल २००८ मध्ये दोषी ठरला. सूसेने त्याआधीच, २००६ मध्ये, एक्स्ट-३ कडे जायचं ठरवलं होतं. सांभाळणारं कोणी उरलं नाही, वापरणारेही कमी झाले. २०२२ मध्ये ५.१८ या आवृत्तीत ती 'कालबाह्य' म्हणून जाहीर झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ मधून ती पूर्ण गेली.

माळ्यावरची डिस्क हातात घेतली तेव्हा यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. यूएसबीला आयडीई जोडणारा ॲडॉप्टर आणला, त्याचा वेगळा पॉवर सप्लाय लावला, जंपर मास्टरवर आहे ना ते पाहिलं. डिस्क फिरली. तो आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकला आणि क्षणभर वाटलं, आतल्या खोलीत अण्णा बसलेत. लॅपटॉपने डिस्क ओळखली, एसडीए म्हणून. माउंट केली तर उत्तर, 'अनोळखी फाइल सिस्टिम'. लॅपटॉपचं कर्नल ६.१३ च्या पुढचं होतं.

खोटं कशाला सांगू, घाम फुटला. डिस्क शाबूत, अक्षरं शाबूत, आणि वाचणारा विसरलेला.

पण अण्णांच्या शिस्तीने गेलो. आधी मूळ वही जपायची. रायझरएफएस नुसती वाचायला माउंट केली तरी जर्नल पुरं करायला डिस्कवर लिहू शकते, म्हणून मूळ डिस्कला हात न लावता डीडीरेस्क्यूने तिची जशीच्या तशी प्रत काढली. काही सेक्टर खराब होते, रात्रभर डिस्क कुरकुरत होती. मी शेजारी सतरंजी टाकून झोपलो. सकाळी प्रत तयार झाली, अगदी थोडे तुकडे सोडून.

मग ६.१२ चा सोर्स उतरवला. नोव्हेंबर २०२४ ची आवृत्ती, रायझरएफएस असलेली शेवटची. मेक मेन्यूकॉन्फिग. निळा पडदा तोच, जवळजवळ वीस वर्षांनी. लॅपटॉपच्या स्वतःच्या एनव्हीएमई डिस्कला वाय. एक्स्ट-४ ला वाय. (२००६ विसरलो नव्हतो.) प्रत-फाइल डिस्कसारखी वापरता यावी म्हणून लूप डिव्हाइसला वाय. शेवटी फाइल सिस्टिमच्या यादीत रायझरएफएस, पुढे कंसात 'कालबाह्य' असा शेरा. वाय.

माउंट झाली. काका, आत्या, मिळालं. एकूण ६३ फायली. अण्णांनी इनस्क्रिप्टवर साध्या युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, त्यामुळे अक्षरं जशीच्या तशी दिसतात. त्याच सुमारास जुन्या फॉन्टमध्ये केलेली माझी लग्नपत्रिका मात्र आज नुसती चिन्हांची रांगोळी आहे. ६३ पैकी दोन फायली खराब सेक्टरमध्ये गेल्या. त्यांची नावं तेवढी उरली, 'विहीर २' आणि 'आई'. दुसरीबद्दल आत्याला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहितोय. आत्या, तुला आजीबद्दल त्यांनी काय काय सांगितलं होतं, ते आठवेल तसं सांग. मी लिहून घेतो.

सगळं आता तीन ठिकाणी ठेवलंय, एक प्रत काकांकडे पाठवतोय, आणि पाडव्यापर्यंत कागदावर छापून सगळ्यांना देईन. आणि मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी डिस्क असेल, त्यांनी ती या महिन्यातच खाली काढा. ६.१२ ला अजून काही वर्षं दुरुस्त्या मिळतील. त्यानंतरचं मला माहीत नाही.

असो. अण्णांची चिकटपट्टी मी डिस्कवर तशीच ठेवली आहे.