सातव्या पट्ट्याची गोष्ट: उपग्रहाला चिकणमाती कशी दिसू लागली

१/ अमेरिकेच्या ‘लँडसॅट-४’ उपग्रहावरील ‘थिमॅटिक मॅपर’ हे उपकरण किरणांचे सात पट्टे टिपत असे. पहिले सहा पट्टे वाढत्या तरंगलांबीच्या क्रमाने येतात, सहावा १०.४ ते १२.५ मायक्रोमीटरचा. सातवा मात्र एकदम मागे, २.०८ ते २.३५ वर. हा क्रम का मोडला? उत्तर चिकणमातीत आहे.

२/ भूगर्भातील उष्ण, आम्लधर्मी पाणी खडकांतून वाहते, तेव्हा फेल्डस्पारचे रूपांतर केओलिनाइटसारख्या चिकणखनिजांत होते. हेच पाणी कधीकधी सोने किंवा तांबेही साठवून जाते. त्यामुळे अशी माती हा खनिजशोधकांसाठी मोलाचा माग ठरतो.

३/ २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट-१ अवकाशात गेला. लॅरी रोवन, अलेक्झांडर गोएट्झ आणि सहकाऱ्यांनी नेवाडातील गोल्डफील्ड या सोन्याच्या जुन्या खाणप्रदेशाच्या प्रतिमा अभ्यासल्या. लोहाचा गंज ओळखता आला. पण जिथे खडक लोहाविना पांढरा पडला होता, तिथे उपग्रह अडखळला. त्याचा स्कॅनर १.१ मायक्रोमीटरपर्यंतच पाहू शकत होता.

४/ चिकणमातीची खूण त्यापलीकडे होती. केओलिनाइटच्या स्फटिकातील ॲल्युमिनियम व हायड्रॉक्सिल यांचा बंध २.२ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण शोषून घेतो. प्रयोगशाळेत ग्रॅहम हंट आणि जॉन सॅलिसबरी यांनी खनिजांच्या अशा खुणा १९७०च्या दशकात तपशीलवार नोंदवल्या.

५/ प्रयोगशाळेतील खूण आकाशातून दिसेल काय? नेवाडातीलच क्युप्राइट येथे विमानातील स्कॅनरने ती दिसली. १९७७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

६/ तोवर थिमॅटिक मॅपरच्या पट्ट्यांची आखणी झालेली होती. भूशास्त्रज्ञांच्या आग्रहावरून आणखी एक पट्टा उशिरा जोडला गेला आणि त्याला उरलेला क्रमांक मिळाला: सात. १६ जुलै १९८२ रोजी लँडसॅट-४ झेपावला. पाचव्या पट्ट्याच्या मूल्याला सातव्याने भागले, की चिकणमातीचा प्रदेश उजळून दिसे.

७/ अर्थात ही खूण निर्विवाद नव्हती. हिरव्या पानांतील पाण्यामुळे वनस्पतीही तशाच उजळतात, चुनखडकही फसवतो. म्हणून ही पद्धत उघड्या, कोरड्या भूमीवर अधिक विश्वसनीय ठरली. १९९९ साली अवकाशात गेलेल्या ‘ॲस्टर’ उपकरणाने याच भागात अधिक अरुंद पट्टे वापरून एका चिकणखनिजापासून दुसरे वेगळे करणे सुकर केले.

८/ २००५ साली ‘मार्स एक्सप्रेस’ यानाच्या ‘ओमेगा’ उपकरणाने अशाच खुणांवरून मंगळावर चिकणखनिजे ओळखली. चिकणमाती घडायला पाणी लागते. त्यामुळे सोन्याच्या शोधात उपयोगी पडलेली ही खूण मंगळावरील प्राचीन पाण्याचा पुरावा ठरली.