वसईची दुपार आणि मद्रासचें घड्याळ

१२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकाकडे पहिली उपनगरी आगगाडी निघाली. सकाळीं जाणारी एक आणि संध्याकाळीं परतणारी एक, एवढाच तो व्यवहार. परंतु वसईच्या मुलुखांत रेल्वेबरोबर काळाचा एक नवाच प्रश्न आला. तोंवर येथील दिवस सूर्यावर चाले. लग्नाचा मुहूर्त साधावयाचा तर पाण्यावर घटिकापात्र सोडीत. तें बुडालें म्हणजे २४ मिनिटांची एक घटका भरली. प्रत्येक गांवाची घटका त्या गांवच्या सूर्यावरून मोजली जाई, आणि दूरच्या गांवाशीं तिचा मेळ घालण्याचें कोणास कारण नव्हतें. आगगाडीस मात्र तें कारण होतें.

१८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वेनें मद्रासची वेळ पत्करली. मद्रास हें मुंबई आणि कलकत्ता यांच्या मध्यावर पडे, व तेथें १७९२ पासून वेधशाळाही होती. तेथून तारेनें इशारा निघे आणि दूरदूरच्या स्टेशनांवरील घड्याळें त्याबरहुकूम लावलीं जात. मद्रास मुंबईच्या सुमारें साडेसात अंश पूर्वेस; अंशामागें चार मिनिटें धरलीं तर अर्ध्या तासाचें अंतर. वसई तर मुंबईच्या जवळजवळ सरळ उत्तरेस आहे. दोन्हीं ठिकाणीं सूर्य एकाच वेळीं माथ्यावर येतो. पण तेव्हां रेल्वेचें घड्याळ साडेबारा दाखवी. केळीं आणि विड्याचीं पानें घेऊन निघालेला वसईकर गांवच्या वेळेवर विसंबला, तर त्याची गाडी चुकणारच.

हा झगडा मुंबईंत चांगलाच पेटला. १८८१ मध्यें गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं मद्रासची वेळ सरकारी कचेऱ्यांस लागू केली. लोकांनीं ती मानली नाहीं आणि १८८३ मध्यें हुकूम मागें घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेहून सुमारें ३९ मिनिटें पुढें. म्युनिसिपालिटीनें त्याच वर्षीं मुंबईच्या वेळेचा पक्ष घेतला, आणि तिचीं घड्याळें स्वातंत्र्यानंतरही कांहीं वर्षें जुनीच वेळ सांगत राहिलीं. विरोधकांस हट्टी म्हणणें सोपें आहे. पण गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या कामगारास ३९ मिनिटें लवकर उठावें लागणार होतें, हें विसरतां येत नाहीं.

एका तारेनें सर्व घड्याळें लावतां येतात, तरी दोन इशाऱ्यांच्या मधल्या काळांत प्रत्येक घड्याळ आपल्या स्वभावाप्रमाणें मागेंपुढें होतेंच. हीच गोष्ट आजच्या संगणकांस लागू आहे. ध्वनिमुद्रण करतांना संगणक सेकंदास बहुधा ४८,००० नमुने घेतो आणि त्यांची मोजदाद एका स्फटिकाच्या कंपनांवर चालते. दोन यंत्रांचे स्फटिक कधींच अगदीं सारखे नसतात. दहा लाखांत वीस इतकाच फरक असला, तरी तासाभरांत ७२ सहस्रांश सेकंदांचें अंतर पडतें. एकावर गायकाचा आवाज आणि दुसऱ्यावर तबला घेतला, तर घटकाभरानें थाप समेच्या मागें पडल्याचें कानास जाणवूं लागतें.

यावर उपाय पत्रोत्तराचा आहे. एक यंत्र दुसऱ्यास वेळ विचारतें, उत्तर येईपर्यंत गेलेला काळ मोजतें आणि त्याचा अर्धा भाग प्रवासाचा धरून आपलें घड्याळ सुधारतें. डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८५ मध्यें मांडलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तींत एक मेख आहे: जाण्यास आणि येण्यास सारखाच वेळ लागतो असें गृहीत धरावें लागतें, आणि गर्दीच्या मार्गावर तें खरें ठरत नाहीं. २००२ मध्यें याहून सूक्ष्म असा एक जागतिक संकेत ठरला. त्यांत यंत्रें आपापल्या घड्याळाची गुणवत्ता एकमेकांस कळवितात, सर्वांत चांगलें घड्याळ कोणतें तें स्वतःच ठरवितात आणि बाकीचीं त्याच्यामागें चालूं लागतात. हें सारें कांहीं सेकंदांत उरकतें. मुंबईचा वाद १८८१ पासून स्वातंत्र्यानंतरपर्यंत चालला. आणि वसईचा सूर्य आजही सरासरीनें १२ वाजून ३९ मिनिटांनींच माथ्यावर येतो.