जहाजाच्या पोटातून आलेला मासा

राउंड गोबी हा जेमतेम वीतभर मासा, आपल्या खाडीतल्या निवट्यांच्या दूरच्या नात्यातला. कॅस्पियन, काळा आणि अझोव्ह समुद्र हे त्याचं मूळ घर. पोटात हवेची पिशवी नसल्यामुळे तो तळाशी, दगडांच्या आडोशालाच राहतो. निसर्गशास्त्रज्ञ पीटर पॅलसने लिहिलेलं त्याचं वर्णन १८१४ मध्ये, पॅलसच्या मृत्यूनंतर छापलं गेलं.

असा तळ न सोडणारा मासा १९९० मध्ये थेट अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर नदीत सापडला. मालवाहू जहाजं तोल सांभाळायला एका बंदरात पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात सोडतात. बहुधा त्याच पाण्यातून तो आला. दशकभरात त्याने पाचही ग्रेट लेक्स गाठली. तिथल्या माशांची अंडी खाल्ली, त्यांच्या जागा बळकावल्या.

पण इरी सरोवरातल्या पाणसापाला मात्र तो पावला. १९९९ मध्ये या सापाला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं होतं. पुढे गोबी हेच त्याचं मुख्य अन्न झालं, संख्या सावरली आणि २०११ मध्ये तो धोक्याच्या यादीतून बाहेर पडला.

मग गोबी खलनायक की तारणहार? खरं तर दोन्ही नाही. त्याला कुठे जायचंच नव्हतं, नेलं आपण. जहाजांच्या पाण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला २०१७ मध्ये. तोवर गोबीच्या कितीतरी पिढ्या तिथल्याच होऊन गेल्या होत्या.