न्यायाधीश कोणी निवडायचे? बाबासाहेबांनी दोन दारं बंद केली होती, एक नंतर उघडलं



अमेरिकेत न्यू जर्सीसारख्या राज्यात गव्हर्नरने सुचवलेल्या न्यायाधीशाला तिथल्या सिनेटची मंजुरी लागते. मग आपल्याकडे आमदार-खासदारांना का विचारत नाहीत?

विचारायचं का, यावर संविधान सभेत २४ मे १९४९ ला चांगलीच चर्चा झाली. एक सूचना होती, न्यायाधीशाच्या नावाला संसदेत दोन तृतीयांश मतांनी मंजुरी घ्या. के. टी. शहा म्हणत होते, निदान राज्यसभेचा सल्ला घ्या. मद्रासचे पोकर साहेब म्हणाले, सरन्यायाधीशांची सहमती सक्तीची करा.

बाबासाहेबांनी तिन्ही नाकारल्या. संसदेकडे दिलं तर काम किचकट होईल आणि राजकीय दबाव शिरेल. आणि सरन्यायाधीश? कितीही मोठे असले तरी माणूसच, आपल्यासारखेच रागलोभ त्यांनाही. म्हणून मधला मार्ग : नेमणूक राष्ट्रपतींची, सल्ला न्यायाधीशांचा.

हा 'सल्ला' शब्दच पुढे सगळ्या भांडणाचं मूळ ठरला. १९७३ मध्ये केशवानंद भारतीचा निकाल लागला आणि लगेच शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून सरकारने ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनीही राजीनामे दिले. १९७७ मध्ये एच. आर. खन्नांना डावललं. आणीबाणीत सरकारविरुद्ध एकट्याने निकाल लिहिणारा माणूस तो! नेमणूक फक्त सरकारच्या हाती असली की काय होतं, ते देशाने पाहिलं.

मग १९९३ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, सल्ला म्हणजे जवळपास सहमतीच. तिथून कॉलेजियम आलं. म्हणजे बाबासाहेबांनी बंद केलेलं एक दार न्यायालयानेच उघडलं. २०१४ मध्ये संसदेने नेमणूक आयोग आणला, तोही १६ ऑक्टोबर २०१५ ला ४ विरुद्ध १ मतांनी रद्द झाला.

आता आपल्या यावलचं बघा. इथल्या कोर्टातले दिवाणी न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. अभ्यासक्रम, मार्क, यादी, सगळं जाहीर. पण बांधाचा दावा जळगाव करत करत औरंगाबाद खंडपीठात गेला, की तिथले न्यायमूर्ती कसे निवडले हे पक्षकाराला सहसा नीट कळत नाही. कोर्ट जितकं वरचं, तितकी निवड झाकलेली. हे उलटं नाही का?

२००७ ते २०१२ या काळात हायकोर्टाच्या न्यायमूर्तींच्या नेमणूकपत्रांवर सही असायची आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटलांची. खान्देशाला त्याचा अभिमान होता, असायलाच हवा. पण नाव निवडायचा अधिकार त्या सहीत नव्हता.

मला विचाराल तर विधिमंडळाची मंजुरी नकोच. डावलाडावली एकदा पाहिली तेवढी पुरे. पण नाव का निवडलं आणि का नाकारलं, याची कारणं लेखी बाहेर यावीत. आणि कॉलेजियमने पाठवलेल्या फायलीवर दिल्लीने किती दिवस बसायचं, यालाही मुदत घाला. खुर्ची रिकामी राहते तेव्हा तारखेवर तारीख आपल्याच माणसाला पडते, अन् एसटीचं भाडंही त्याच्याच खिशातून जातं.